भेटीचा डबा उघडला तर बिस्किटं सादळलेली: घरचा खाऊ बांधून देताना वारंवार होणारे बिघाड आणि त्यावरचे उपाय

सणासुदीला घरी केलेला खाऊ छान बांधून द्यायचा आणि चार दिवसांनी कळायचं की बिस्किटं मऊ पडली होती, खोक्यावर तेल उमटलं होतं, चॉकलेटवर पांढरा थर आला होता. ही तक्रार दरवर्षी कानावर येते आणि बहुतेक जण दरवर्षी पाककृती बदलून बघतात. पाककृती सहसा बरोबरच असते. बिघाड होतो तो ताटातून डब्यात आणि डब्यातून कागदात जाताना. म्हणून माझं ठाम मत आहे: खाऊला काय लागतं ते आधी ठरवायचं आणि रिबीन त्यानंतर निवडायची. आपण नेमकं उलट करतो. आधी सुंदर डबा आणतो आणि मग त्यात मावेल ते भरतो.

सगळ्यात जास्त तक्रारी सादळण्याच्या असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बिस्किटं मऊ पडतात: नेमकी कुठली?

डबा उघडल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका. वरच्या थरातलं एक, तळातलं एक आणि मधलं एक, अशी तीन बिस्किटं मोडून बघा. तिन्ही सारखीच मऊ असतील आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर खाऊ गरम असताना भरला गेलाय. वरची आणि कडेची मऊ पण तळातली कडक असतील, तर झाकणातून बाहेरची दमट हवा आत येतेय. फक्त एका कोपऱ्यातली मऊ असतील, तर त्या कोपऱ्यात शेजारी काय ठेवलं होतं ते आठवा. बहुतेक केकचा तुकडा किंवा जॅम भरलेलं काहीतरी निघेल. आणि कडा कडक पण पोट मऊ असेल, तर भाजणीच कमी पडली. अशा बिस्किटाच्या पोटातली ओल दोन दिवसांत कडेपर्यंत पोचते आणि मग ते सगळंच मऊ होतं. कधीकधी भाजून निघालेली अख्खी बिस्किटं दुसऱ्या दिवशी हात न लावता तडकलेली दिसतात, तेही याच ओलीमुळे. मधला भाग सुकताना आक्रसतो, कडा ओल घेऊन फुगते आणि त्या ओढाताणीत बिस्कीट फुटतं.

गरम भरण्याची चूक फार फसवी असते. हाताला गार लागलेलं बिस्कीट आतून गार झालेलं असतंच असं नाही. खात्री करायची असेल तर जाळीवरचं सगळ्यात जाड बिस्कीट कोरड्या काचेच्या ग्लासखाली पालथं झाकून दहा मिनिटं ठेवा. काच आतून धुरकट झाली, तर तेवढीच वाफ तुमच्या डब्यातही जमणार आहे. काच स्वच्छ राहिली तरच भरायला घ्या. बिस्किटं ताटात पसरून न ठेवता जाळीवर ठेवायची ती यासाठीच. ताटात खालच्या बाजूची वाफ अडकते आणि तळ ओला होतो. बिस्किटांना तास-दीड तास तरी द्या. केकला याहून बराच जास्त वेळ लागतो.

केक आणि बिस्कीट एका डब्यात नकोत

ओल एका पदार्थातून दुसऱ्यात जाते, आणि ती कशी जाते हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती आहे हे महत्त्वाचं. ते ० ते १ या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे १. कुरकुरीत बिस्कीट या पट्टीवर साधारण ०.२ ते ०.३ वर असतं, मऊ केक ०.८ किंवा त्याच्याही वर. बंद डब्यात दोन्ही शेजारी ठेवले की ओल वरच्या आकड्याकडून खालच्या आकड्याकडे निघते आणि दोन्हींचा आकडा जुळेपर्यंत थांबत नाही. बिस्कीट ०.४ ते ०.५ च्या आसपास पोचलं की त्याचा कुरकुरीतपणा गेलाच म्हणून समजा. केकचंही भलं होत नाही, तो कोरडा पडतो. झाकण जितकं घट्ट, तितका हा व्यवहार आतल्या आत बिनबोभाट चालतो. म्हणून ‘डबा तर हवाबंद होता’ हे इथे कामाचं नाही.

मिश्र खाऊचा डबा द्यायचाच असेल तर प्रत्येक प्रकार आतून वेगळ्या पिशवीत बंद करा. कागदी वाट्या किंवा पुठ्ठ्याचे कप्पे दिसायला नीटस असतात, पण त्यांनी ओल अडत नाही. वासाचंही तेच. पुदिन्याची एक गोळी किंवा पुदिन्याचं बिस्कीट अख्ख्या डब्याची चव बदलतं. भेटीच्या टोपलीत सुगंधी साबण किंवा मेणबत्ती असेल, तर खाऊ त्या टोपलीत ठेवूच नका. चॉकलेट आणि लोणी असलेले पदार्थ असे वास पटकन ओढून घेतात आणि मग तो वास काही केल्या जात नाही.

पिशवी चांगली, पण मान उघडी

पारदर्शक पिशवी, वर चुण्या गोळा करून बांधलेली रिबीन, ही सगळ्यांची आवडती बांधणी. सादळण्याचं दुसरं मोठं कारण तिथेच असतं. चुण्यांमध्ये बारीक बारीक नळ्या तयार होतात आणि रिबीन कितीही आवळली तरी त्या पूर्ण मिटत नाहीत. भरलेली पिशवी गालाजवळ धरून हलकेच दाबा. गालावर वारा लागला तर दमट हवा आत यायलाही तीच वाट आहे.

पिशवी कशाची आहे हेही बघायला हवं. सेलोफेन हा मुळात सेल्युलोजपासून बनलेला पातळ पापुद्रा. जॅक ब्रँडेनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाने तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केला. तेव्हाच्या सेलोफेनमध्ये पाण्याचा थेंब अडायचा, पण वाफ आरपार जायची. त्यावर ओल अडवणारा लेप द्यायची पद्धत १९२७ मध्ये ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी शोधली, आणि त्यानंतर खाऊ बांधायला ते खरं उपयोगी पडलं. आज सेलोफेन या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच पिशव्या प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्या ओल चांगली अडवतात. मात्र ‘निसर्गस्नेही’ म्हणून आणलेली पिशवी बिनलेपाच्या सेल्युलोजची असू शकते. कुरकुरीत खाऊसाठी ती एकटी पुरत नाही. मऊ केकचे तुकडे एखाद्या दिवसात खायचे असतील तर चालेल.

उपाय सोपा आहे. पिशवीचं तोंड दोनदा घट्ट दुमडा, दुमडीवर कडेपासून कडेपर्यंत चिकटपट्टी लावा आणि मग वर हवी तशी सजावट करा. पारदर्शक चिकटपट्टी आलीच मुळी यासाठी: १९३० मध्ये थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी ती तयार केली तेव्हा सेलोफेनची वेष्टनं बंद करणं हेच तिचं मुख्य काम होतं. चुण्यांचीच बांधणी आवडत असेल तर मान आधी चांगली पिळून घ्या, रबर बँडचे तीन-चार वेढे आवळून द्या आणि रिबीन त्यावरून बांधा. गालाची परीक्षा पुन्हा एकदा करा.

पत्र्याच्या रंगीत डब्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्यांच्यावर लोकांचा फार विश्वास असतो. यातल्या बहुतेकांचं झाकण नुसतं वर बसतं, हवा अडवत नाही. डबा शोभेला ठेवा, खाऊ आतल्या बंद पिशवीत ठेवा. पिशवी नकोच असेल तर झाकणाच्या सांध्यावरून सभोवार पट्टी फिरवा आणि ती रुंद रिबिनीखाली झाका.

तेलाचे डाग

खाऊला लागणारा थर आणि डोळ्यांना दिसणारा थर हे दोन वेगळे ठेवले की डागांचा प्रश्न उरत नाही. आतला थर बटर पेपरचा किंवा मेणकागदाचा. बाहेरचा कसलाही. पातळ टिश्यू कागद तेल अडवत नाही, उलट शोषून पुढे पाठवतो. त्यामुळे ‘आत टिश्यू घातला होता’ हे अस्तर धरता येत नाही. तपकिरी कागदी पिशवीत लोण्याची बिस्किटं किंवा परतलेला सुकामेवा थेट भरला, तर तासाभरातही वर्तुळं उमटू शकतात. उन्हात किंवा गरम गाडीत ठेवल्यावर तर नक्कीच.

आपला पदार्थ किती तेल सोडतो हे आधीच बघता येतं. एक तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटीचं वजन द्या, दोन तासांनी कागद उजेडासमोर धरा. पारदर्शक वर्तुळ दिसलं तर अस्तर दुहेरी घाला.

छापील कागद, वर्तमानपत्र, चमकी लावलेला कागद यांचा खाऊला स्पर्शसुद्धा होऊ देऊ नका. शाईतले घटक तेलकट पदार्थात सहज उतरतात. पुनर्वापराच्या पुठ्ठ्यातही जुन्या छपाईच्या शाईचे अंश असतात, तेव्हा खोका कोरा दिसला तरी आत अस्तर हवंच. जुनी वर्तमानपत्रं वापरून केलेली बांधणी मला स्वतःला फार देखणी वाटते, पण ती बाहेरूनच.

चॉकलेटवर पांढरा थर

लोक याला बुरशी समजून टाकून देतात. तो सहसा बुरशीचा नसतो. बोट फिरवून बघा. बोटाच्या उबेने थर वितळून गुळगुळीत झाला, तर चॉकलेटमधला कोको बटर वर आलाय. चॉकलेट कुठेतरी गरम झालं आणि पुन्हा थिजलं, किंवा वितळवून साच्यात घालताना तापमान सांभाळलं गेलं नाही, असा त्याचा अर्थ. बोटाला खरखरीत, रवाळ लागलं तर ती साखर आहे. फ्रिजमधून काढलेल्या गार चॉकलेटवर हवेतली वाफ बसली, तिने पृष्ठभागावरची साखर विरघळवली आणि पाणी उडून गेल्यावर साखर मागे राहिली. दोन्ही प्रकार खायला चालतात, फक्त भेट म्हणून देववत नाहीत.

पहिल्यावर इलाज वितळवण्याच्या पद्धतीत आहे. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणा, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवा आणि मग साच्यात घाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर अंदाजावर जाऊ नका, भेटीसाठी दुसरा पदार्थ निवडा. दुसऱ्यावर इलाज असा: फ्रिजमध्ये ठेवावंच लागलं तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. हे घेणाऱ्यालाही सांगायला हवं.

टॉफी चिकटते, थरांची बरणी विस्कटते

कडक टॉफीचा पाक १४९ ते १५४ अंशांपर्यंत जावा लागतो. त्याआधी उतरवला तर ती चिकट राहणारच. पण बरोबर उतरवलेली टॉफीसुद्धा हवेतली ओल ओढते, त्यामुळे पावसाळी दिवशी करायला घेऊ नका. गार झाल्या झाल्या प्रत्येक तुकडा मेणकागदात वेगळा गुंडाळा. बरणीत तशीच भरली तर दोन दिवसांत एक गोळा निघतो.

केक किंवा बिस्किटांचं कोरडं साहित्य थरांमध्ये भरलेली बरणी ही फार छान भेट आहे. घेणाऱ्याने फक्त अंडं, लोणी घालायचं. तिचे थर वाटेत मिसळतात ते दोन कारणांनी. एक, जड आणि मोठे दाणे खाली आणि बारीक पीठ वर असतं, मग पीठ दाण्यांच्या फटींतून खाली झरतं. दुसरं, वर मोकळी जागा राहते. पीठ सगळ्यात खाली घाला, प्रत्येक थर वाटीच्या बुडाने दाबा आणि बरणी गळ्यापर्यंत भरा. शेवटी जागा उरलीच तर चॉकलेटचे तुकडे किंवा सुकामेवा घालून ती बुजवा. बेकिंग पावडर आणि सोडा आधीच पिठात मिसळून टाका. ब्राउन शुगर ओलसर असते, तिच्या शेजारी बेकिंग पावडरचा थर आला तर ती बरणीतच काम करायला लागते आणि मग केक फुगत नाही. दोष मात्र घेणाऱ्याच्या ओव्हनवर जातो.

कागद पुरत नाही, कोपरे फाटतात

चौरस खोक्यासाठी कागद तिरका ठेवून गुंडाळला की तो कमी लागतो आणि टोकांना जाड दुमडी येत नाहीत. खोक्याच्या वरच्या बाजूचा कर्ण मोजा, त्यात उंचीची दीडपट मिळवा. तेवढ्या बाजूचा चौरस कागद पुरतो. २० सेंटीमीटर बाजूच्या आणि ६ सेंटीमीटर उंचीच्या खोक्याचा कर्ण २८.३, अधिक ९, म्हणजे ३८ सेंटीमीटरचा चौरस भरपूर झाला. खोका मधोमध पण ४५ अंशांत फिरवून ठेवायचा आणि चारही टोकं मध्यावर आणायची.

कोपरे फाटतात ते बहुधा टोकांना कागद जास्त सोडल्यामुळे. जास्तीचा कागद आत कोंबला की कोपऱ्यावर ताण येतो. चकचकीत, लेप दिलेल्या कागदावर साधी चिकटपट्टी सुटते, तिथे दुहेरी पट्टी आतून लावा. लावण्याआधी हात पुसा. लोण्याच्या बोटांनी कुठलीच पट्टी टिकत नाही.

गोल बरणीला कागद गुंडाळायचा हट्ट सोडा. चौकोनी कापड घ्या, ज्याचा कर्ण बरणीच्या उंचीच्या निदान तिप्पट असेल. बरणी मधोमध ठेवून समोरासमोरची टोकं वर बांधा. फाटत नाही, पुन्हा वापरता येतं, आणि जाम आवळलेल्या झाकणावर पकड यायलाही तेच कापड कामी येतं.

प्लॅस्टिकच्या रिबिनीला कात्रीने वळ्या पडत नसतील तर तुम्ही ती फार झरकन ओढताय. पात्यावरून सावकाश ओढली की वळी जास्त घट्ट येते. कापडी रिबिनीला वळ्या पडत नाहीत, तिचं फूलच बांधा.

इथे प्रयोग नकोत

घरी लसूण किंवा ताजे मसाले, पानं घालून मुरवलेलं तेल सुंदर बाटलीत भेट देण्याची कल्पना दरवर्षी फिरते. कृपा करून देऊ नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणात आम्लता कमी असते. खोलीच्या तापमानाला बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना हेच मानवतं, आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. काचेच्या बरणीत केक भाजून गरम असतानाच झाकण लावणं हाही तसाच धोका आहे. झाकण आत ओढलं गेलं म्हणजे आतला केक सुरक्षित झाला असं नाही. आंबट फळांचा, पुरेशी साखर घातलेला जॅम चालतो, कारण पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असेल तर हे जिवाणू वाढत नाहीत. जॅमच्या झाकणावर कापडाची टोपी घालत असाल तर ती सहज निघेल अशी बांधा, म्हणजे झाकण फुगलंय का ते बघता येईल.

चिठ्ठीवर शुभेच्छांच्या मागे चार गोष्टी लिहाच: कधी केलं, कधीपर्यंत खायचं, कुठे ठेवायचं, आणि आत काय काय आहे. शेंगदाणे, इतर सुकामेवा, दूध, अंडं, गहू, सोया, तीळ यांपैकी काही असेल तर ते ठळक लिहा. मध घातला असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये, हेही लिहा. चिठ्ठी बाहेरच्या कागदाला न लावता आतल्या पिशवीला किंवा बरणीला लावा. बाहेरचा कागद पाच मिनिटांत कचऱ्यात जातो.

भेट आजच द्यायची आहे आणि बिस्किटं सादळली आहेत

साधी, भरण नसलेली बिस्किटं असतील तर जाळीवर एका थरात मांडून १५० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये पाच ते आठ मिनिटं ठेवा. बाहेर आल्यावर ती आधी मऊच वाटतील, गार होताना कडक होतील. त्यामुळे घाबरून जास्त भाजू नका. मग ग्लासची परीक्षा करा आणि नव्या कोरड्या पिशवीत भरा, जुनीत ओल राहिलेली असते. आयसिंग, जॅम किंवा चॉकलेट लावलेली बिस्किटं अशी परत भाजता येत नाहीत. ती घरी ठेवा, चुरून पुडिंगमध्ये घाला, आणि भेट म्हणून कोरड्या साहित्याची बरणी भरून द्या. ती भरायला अर्धा तास पुरतो आणि तिच्यात सादळण्यासारखं फारसं काही नसतं.